तेजोवलय : दिसणाऱ्याचे की पाहणाऱ्याचे?

मे महिन्यातील संध्याकाळी गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणात व्याख्यानाला बसणाऱ्या श्रोत्यांना एक अनुभव अपरिचित नसेल. नदीवरून थोडा वारा सुटलेला असतो, व्यासपीठावर दिव्यांचा झोत असतो, आणि वक्त्याकडे बराच वेळ टक लावून पाहिले, की त्याच्या डोक्याभोवती व खांद्यांभोवती एक फिकट, उजळ कड उमटल्यासारखी भासते. व्याख्यान रंगलेले असेल तर शेजारचे गृहस्थ हळूच म्हणतात, "काय तेज आहे हो या माणसाचे!" व्याख्यान रंगलेले नसेल तर तीच कड तशीच दिसत असूनही तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. आज ज्या विषयाचा आम्ही विचार करणार आहोत, त्याचे अर्धेअधिक मर्म या लहानशा गोष्टीत आहे.

माणसाभोवती रंगीत प्रकाशाचे वलय असते, ते काही थोड्यांनाच दिसते, आणि त्याच्या रंगावरून त्या माणसाचा स्वभाव, त्याची पुण्याई, एवढेच काय पण त्याचे दुखणेसुद्धा ओळखता येते, असे पुष्कळ लोक मानतात. त्याला कोणी तेजोवलय म्हणतात, कोणी प्रभामंडल म्हणतात, आणि अलीकडे इंग्रजी 'ऑरा' हा शब्द घरोघर पोचला आहे. आपल्याला ही कल्पना परकी वाटत नाही. देवघरातील मूर्तीमागे पितळेची किंवा चांदीची प्रभावळ असते. पोथीतील चित्रांत संतांच्या मस्तकामागे पिवळे वर्तुळ असते. आणि सत्पुरुषाच्या 'मुखावर तेज' असते हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. तेव्हा कोणी "मला वलय दिसते" म्हटले, की आपले मन ते मान्य करायला अर्धे तयारच असते.

हा नुसता कुतूहलाचा विषय असता तर त्यासाठी आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. परंतु आमच्या परिचयातील एका बाईंना छातीत गाठ लागली. डॉक्टरांकडे जाण्याचे भय वाटले म्हणून त्या प्रथम वलय पाहणाऱ्या एका व्यक्तीकडे गेल्या. "तुमचे वलय स्वच्छ हिरवे आहे, चिंता करू नका," असे त्यांना सांगण्यात आले. सांगणाऱ्याने पैसे घेतले नाहीत, आणि तो फसवीत होता असेही आम्हांस वाटत नाही. त्याला खरोखरच काही हिरवे दिसले असेल. परंतु त्या हिरव्या रंगाच्या भरवशावर आठ महिने गेले. शस्त्रक्रिया झाली ती आठ महिने उशिरा झाली. त्या बाई आज आहेत, हे त्यांचे आणि आमचे भाग्य. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे : खोटे न बोलणाऱ्या माणसाला नसलेली गोष्ट दिसते कशी? आणि त्याला ती दिसते म्हणून आपण तिच्यावर किती भार टाकावा?

या प्रश्नाचे एक उत्तर अलीकडे शास्त्राच्या नावाने वारंवार सांगितले जाते. ते असे, की वलय पाहणाऱ्यांच्या मेंदूत दोन संवेदना एकमेकींत मिसळतात, आणि या मिश्रणाला शास्त्रात 'सिनेस्थेशिया' म्हणतात. हे उत्तर कितपत पुरते, ते पाहावयाचे आहे. पण त्याआधी एक खबरदारी घेतली पाहिजे. वलय दिसण्याची कारणे एकाहून अधिक आहेत, आणि ती एकमेकांत गुंतली की घोटाळा होतो. म्हणून आपण बाहेरून आत जाऊ या : प्रथम उजेड, मग डोळा, मग मेंदू, आणि शेवटी मनावरचे संस्कार.

काही वलये खरोखरच बाहेर, उजेडात असतात. हिवाळ्यातील सकाळी गंगापूरच्या बाजूला शेताच्या बांधावर उभे राहा. सूर्य पाठीशी, नुकताच वर आलेला, आणि समोर दंवाने भिजलेले गवत. आपली लांब सावली गवतावर पडलेली असते, आणि तिच्या डोक्याभोवती एक शुभ्र झळाळी दिसते. शेजारी मित्र उभा असेल तर त्याच्या सावलीला ती दिसत नाही, आपल्याच सावलीला दिसते. गंमत अशी, की मित्रालाही हेच वाटत असते! सोळाव्या शतकातील इटालियन सोनार व शिल्पकार बेन्व्हेनुतो चेलिनी याने आपल्या आत्मवृत्तात या झळाळीचा उल्लेख केला आहे, आणि ती आपल्यावरील ईश्वरी कृपेची खूण आहे अशी स्वतःची समजूत करून घेतली आहे. वस्तुतः दंवाचा प्रत्येक थेंब लहानशा भिंगासारखा असतो. तो आलेला उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवितो, आणि त्या परतीच्या वाटेवर नेमका आपलाच डोळा असतो. दुसऱ्याच्या सावलीभोवतीचा परतलेला उजेड दुसऱ्याच्या डोळ्यात जातो.

याहून देखणा प्रकार म्हणजे इंद्रवज्र. अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे असता, खाली दरीत धुके आणि पाठीशी सूर्य असा योग आला, तर धुक्यावर आपली सावली पडते व तिच्याभोवती रंगीत वर्तुळे उमटतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावरील १८३५ सालच्या आपल्या लेखात या गडावरील अशा वर्तुळांचे वर्णन केले आहे. तेथेही प्रत्येकाला वर्तुळ दिसते ते स्वतःच्या मस्तकाभोवती. धुक्यातील अतिसूक्ष्म थेंबांतून मागे फिरणाऱ्या प्रकाशलहरींचा हा खेळ आहे. तो पुण्यवानाला दिसतो तसाच कड्यावर चढून आलेल्या चोरालाही दिसेल.

आता उजेडाकडून डोळ्याकडे येऊ. पुढील प्रयोग वाचकांनी घरी अवश्य करून पाहावा. भडक तांबड्या कपड्यातील एका माणसाला पांढऱ्या भिंतीपुढे उभे करावे, आणि त्याच्या खांद्यावरील एका बिंदूकडे पापणी न हलविता अर्धा मिनिट पाहावे. थोड्याच वेळात त्याच्या कडेने निळसर हिरवी किनार दिसू लागते, व नजर जरा हलताच ती सरकते. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. तांबड्या रंगाने एक प्रकार थकला, की त्या जागी पांढऱ्या भिंतीचा उजेड पडताच बाकीच्या दोन प्रकारांचा जोर होतो, आणि विरोधी रंग भासतो. डोळा कधीच पूर्ण स्थिर नसल्यामुळे हा भास माणसाच्या कडेवर किनारीसारखा उमटतो. वलय पाहण्यास शिकविणारे बहुधा काय सांगतात? मंद उजेड ठेवा, मागे पांढरी भिंत ठेवा, एकटक पाहा. म्हणजे ही किनार दिसण्यास जे जे हवे ते सगळे!

या बाबतीत विद्वानांचीही दिशाभूल झाली आहे. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधील डॉक्टर वॉल्टर किल्नर यांनी १९११ साली एक ग्रंथ लिहून, विशिष्ट निळ्या रंगद्रव्याच्या काचेतून पाहिले असता रोग्यांभोवतीचे वलय दिसते व त्यावरून रोग ओळखता येतो, असे प्रतिपादन केले. त्या काचेतून आधी उजेडाकडे पाहून डोळा 'तयार' करावा लागे. डोळा तयार करणे म्हणजे तो थकविणे, हे आता वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. पुढे १९३९ च्या सुमारास रशियातील किर्लियान या तंत्रज्ञाने उच्च दाबाची वीज वापरून बोटांची व पानांची छायाचित्रे काढली. त्यांच्या कडेने निळ्या ज्वाळा दिसत, व हेच आत्म्याचे तेज असे पुष्कळांना वाटले. १९७६ साली अमेरिकन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की त्या ज्वाळांतील फरक मुख्यतः त्वचेवरील ओलाव्यामुळे पडतो. घामेजलेले बोट आणि कोरडे बोट यांचे 'तेज' निराळे! हल्ली मेळ्यांतून व प्रदर्शनांतून वलयाचे रंगीत फोटो काढून देतात. त्यांपैकी पुष्कळ यंत्रांत हाताच्या पंजाखाली पट्ट्या असतात. त्या त्वचेची वीज वाहण्याची क्षमता मोजतात, आणि त्या आकड्याला यंत्र ठरवून दिलेला रंग देते. कॅमेऱ्याने तो रंग पाहिलेला नसतो, तो आपल्या चित्रावर चढविलेला असतो.

येथवर ठीक. पण एवढ्याने सगळ्यांचे समाधान होणार नाही. कारण असे काही लोक आहेत की ज्यांना पांढरी भिंत लागत नाही, टक लावावी लागत नाही, आणि तरीही माणूस दिसताच रंग दिसतो. त्यांच्यासाठी आपणास मेंदूत शिरले पाहिजे.

सिनेस्थेशिया या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ 'संवेदनांचे एकत्र येणे'. आपण त्याला सहसंवेदन म्हणू. काही माणसांना 'अ' हे अक्षर तांबडे वाटते, मग ते काळ्या शाईत छापलेले का असेना. कोणाला मंगळवार पिवळा असतो, कोणाला सतारीचा सूर ऐकताच निळी रेघ दिसते, कोणाला शब्दाची चव लागते. हे त्यांनी ठरविलेले नसते; लहानपणापासून ते आपोआप होते, आणि पुष्कळांना तर मोठेपणापर्यंत इतरांना असे होत नाही याचाच पत्ता नसतो. १८१२ साली गेओर्ग साक्स या जर्मन वैद्याने आपल्या प्रबंधात स्वतःच्या रंगीत अक्षरांची व वारांची हकीकत लिहिली. १८८० च्या सुमारास इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी अशा अनेकांच्या जबान्या गोळा केल्या, व ही गोष्ट घराण्यात चालते हे नोंदविले. त्यानंतर मात्र बराच काळ 'हे कवीचे बोलणे झाले' म्हणून शास्त्रज्ञांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

कवीचे बोलणे आणि सहसंवेदन यांतील भेद आपल्या भाषेतही पाहता येतो. आपण 'गोड आवाज' म्हणतो, 'तिखट बोलणे' म्हणतो, 'मऊ सूर' म्हणतो. परंतु 'गोड आवाज' म्हणणाऱ्याच्या जिभेवर साखर येत नाही. सहसंवेदनी माणसाच्या जिभेवर ती खरोखरच येते. मग ते खरे आहे हे ओळखायचे कसे? १९८७ साली सायमन बॅरन-कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. एका बाईंना शंभराहून अधिक शब्दांचे रंग विचारून ठेवले, व दहा आठवड्यांनी कल्पना न देता पुन्हा विचारले. उत्तरे तंतोतंत जुळली. साधारण माणसाला, पुन्हा विचारणार असे सांगून दोनच आठवड्यांनी विचारले, तर शेकडा सतराच्या आसपास उत्तरे जुळली. कल्पनेने रचलेले विसरले जाते, पाहिलेले टिकते.

पुढे २००१ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी दुसरी कसोटी लावली. पानभर पाचाचे आकडे, आणि त्यांत दोनाचे काही आकडे असे मांडलेले की त्यांचा त्रिकोण व्हावा. आकडे इंग्रजी, टोकदार छापाचे, एकमेकांची आरशातील प्रतिमा वाटावेत असे. आपणांस तो त्रिकोण शोधावा लागतो. ज्याला दोन तांबडा व पाच हिरवा दिसतो, त्याला हिरव्या रानात तांबडा त्रिकोण लवकर सापडतो. रामचंद्रन हे मूळचे तमिळनाडूचे, आणि मेंदूवरील त्यांचे संशोधन कॅलिफोर्नियातील. त्यांचे म्हणणे असे, की मेंदूच्या खालच्या भागात आकडे ओळखणारी जागा आणि रंग ओळखणारी जागा अगदी शेजारी शेजारी आहेत. वाड्यात दोन बिऱ्हाडांमधील भिंत पातळ असली म्हणजे एकीकडचे बोलणे दुसरीकडे ऐकू जाते, तसा काहीसा प्रकार. चेहरे ओळखणारी जागाही याच आळीत आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

ही माणसे विरळ नाहीत. २००६ साली ब्रिटनमध्ये ज्युलिया सिमनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरसकट माणसे तपासली तेव्हा कोणत्या ना कोणत्या प्रकारचे सहसंवेदन शंभरात चार-साडेचार जणांत आढळले. हेच प्रमाण आपल्याकडे धरले, तर हजार श्रोत्यांच्या पटांगणात चाळीसएक निघतील. शिवाय त्याची पुसट छटा तर आपणां सर्वांतच आहे. एक टोकदार आकृती आणि एक फुगीर आकृती दाखवून, यांतील 'किकी' कोणती व 'बूबा' कोणती, असे रामचंद्रन यांनी अमेरिकेत विचारले, आणि तमिळ भाषकांनाही विचारले. शंभरातील पंचाण्णवांहून अधिक लोकांनी टोकदार ती किकी असेच सांगितले. 'गुबगुबीत' आणि 'अणकुचीदार' हे शब्द ज्या भाषेत आहेत, त्या भाषेच्या लोकांना याचे नवल वाटणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणूस पाहून रंग दिसणे, असे सहसंवेदन आहे काय? आहे, परंतु फार विरळ. २००४ साली जेमी वॉर्ड यांनी एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला ओळखीच्या माणसांची नावे व भावना जागविणारे शब्द रंगीत दिसत. आवडत्यांना बहुधा गुलाबी, पिवळा असे रंग येत, नावडत्यांना तपकिरी, करडे. वलय दिसण्याच्या समजुतीचा उगम येथे असावा, असे वॉर्ड यांनी सुचविले. २०१२ साली रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांभोवती रंगीत वलय दिसणाऱ्या एका तरुणाची तपासणी केली. वलयाच्या जागी त्याच रंगाची खूण दाखविली तर त्याला ती ओळखणे जड जाई, निराळ्या रंगाची असेल तर तितके जड जात नसे. म्हणजे तो बनाव करीत नव्हता. त्याच्या दृष्टीपुढे तो रंग खरोखरच उभा होता. आमच्या पहिल्या प्रश्नाला हे उत्तर झाले. खोटे न बोलणाऱ्या माणसाला, बाहेर नसलेला रंग दिसू शकतो.

त्याच वर्षी स्पेनमधील ग्रानादा विद्यापीठातील संशोधकांचे काम जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजले. 'वलय पाहणाऱ्या वैदूंचे गूढ उकलले, ते सहसंवेदनी आहेत' असे मथळे झळकले. पुष्कळ सुशिक्षितांनी सुटकेचा निश्वास टाकला. गूढही राहिले नाही, आणि कोणाला लबाड म्हणण्याची वेळही आली नाही. परंतु मूळ निबंध मथळ्यांइतका सरळ नाही. संशोधकांनी चेहरे व आकृती पाहून रंग अनुभवणाऱ्या चार सहसंवेदनी व्यक्तींच्या जबान्या घेतल्या, आणि गूढविद्येच्या ग्रंथांतील व जाणकारांच्या वर्णनांशी त्या ताडून पाहिल्या. निष्कर्ष असा निघाला, की वरवरचे साम्य असले तरी दोन्ही प्रकार निराळे आहेत. जे उत्तर म्हणून गाजले, त्यालाच त्या निबंधाने मर्यादा घातली होती.

हा भेद नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सगळा निवाडा त्यावर आहे. सहसंवेदनाच्या रंगांची पहिली खूण ही, की ते ज्याचे त्याचे असतात. एकाचा मंगळवार पिवळा, तर त्याच्या सख्ख्या बहिणीचा निळा, आणि दोघे त्यावरून भांडतील. दुसरी खूण ही, की त्या रंगांना स्वतःचा असा अर्थ नसतो. 'अ' तांबडा आहे म्हणून तो रागीट ठरत नाही. तिसरी खूण ही, की ते शिकता येत नाहीत; वर्गात बसून पंधरा दिवसांत कोणी सहसंवेदनी झाल्याचे ऐकिवात नाही. वलयविद्येत तिन्ही गोष्टी उलट आहेत. तेथे रंग सर्वांना सारखा दिसावा लागतो, प्रत्येक रंगाचा अर्थ ठरलेला असतो, आणि शुल्क भरून तो शिकताही येतो.

मग हे ठरलेले अर्थ आले कोठून? येथे आपण चौथ्या मुक्कामाला, म्हणजे संस्कारांकडे, पोचतो. आणि ही वाट आपल्या महाराष्ट्रातूनच जाते. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट हे १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून त्यांचे 'थिऑसॉफिस्ट' हे मासिक मुंबईहून निघू लागले, व १८८२ च्या अखेरीस त्यांनी आपले ठाणे मद्रासजवळ अड्यारला हलविले. या मंडळींनी आपल्याकडील सूक्ष्म देहाच्या कल्पना घेतल्या, पाश्चात्त्य गूढवादाशी त्यांची सांगड घातली, आणि त्या जगभर नेल्या. पुढे त्याच संस्थेतील लेडबीटर यांनी १९०२ साली वलयांचे रंगीत तक्ते असलेला ग्रंथ काढला, व ॲनी बेझंट यांच्यासह आणखी एक लिहिला. त्यांत भक्तीचा निळा, बुद्धीचा पिवळा, स्वार्थाचा करडा तपकिरी, क्रोधाचा तांबडा, द्वेषाचा काळा, अशी यादीच आहे. आज आपल्या गावातील वर्गांतून याच घाटाच्या याद्या कधी कधी 'प्राचीन विद्या' म्हणून शिकविल्या जातात.

रंगांच्या याद्या आपल्याकडे प्राचीन काळीही होत्या, हे खरे आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगाराचा श्याम, हास्याचा शुभ्र, करुणाचा पारव्यासारखा करडा, रौद्राचा तांबडा, अद्भुताचा पिवळा असे रसांचे रंग दिले आहेत. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीस यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात षड्ज कमळाच्या रंगाचा, गांधार सोन्याच्या, मध्यम कुंदफुलासारखा, पंचम काळा असे स्वरांचे रंग सांगितले आहेत. परंतु कोणाच्या डोळ्यांना असे दिसते, असा भरताचा किंवा शार्ङ्गदेवाचा दावा नाही. हे संकेत आहेत. स्वरांना रंगाबरोबर त्यांनी देवता, कुळे, वर्णही वाटून दिले आहेत. संकेत आणि दर्शन या दोन भिन्न गोष्टी आहेत. लग्नात हिरवा चुडा भरतात तो संकेत म्हणून. मनगटातून हिरवा प्रकाश निघतो म्हणून नव्हे. थिऑसॉफीच्या यादीत संकेतालाच दर्शनाचा मान देण्यात आला, आणि तेव्हापासून शिकलेला माणूस शिकविलेलेच पाहू लागला.

तेव्हा ग्रानादाच्या निबंधातून आम्ही जो बोध घेतो तो असा. वलय पाहतो म्हणणाऱ्यांत थोडे सहसंवेदनी असतील. बऱ्याच जणांना डोळ्याच्या थकव्याची किनार दिसत असेल. पुष्कळांना शिकविलेला संकेत आठवत असेल. आणि काही थोडे लबाडही असतील. 'सिनेस्थेशिया' हे एकच नाव या सर्वांना लावणे म्हणजे गूढाची जुनी पाटी उतरवून शास्त्राची नवी पाटी लावणे होय.

यावर कोणी म्हणेल, "कारण काही असो, पण त्यांचे निदान खरे ठरते, त्याचे काय?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर वादाने मिळणार नाही, कसोटीने मिळेल. ती कसोटी अगदी सोपी आहे. वलय अंगाबाहेर वीतभर पसरलेले असते असे म्हणतात. मग माणसाच्या डोक्याइतक्याच उंचीचे चार पडदे उभे करावेत, त्यांपैकी एकामागे माणूस उभा करावा, आणि पडद्यावरून डोकावणारे वलय पाहून तो कोठे आहे ते सांगावे. आइसलंडमध्ये असा प्रयोग झाला, व त्याची हकीकत १९९७ साली प्रसिद्ध झाली. वलय दिसते म्हणणाऱ्यांची उत्तरे अंदाजाने यावीत तितकीच बरोबर आली, आणि वलय न दिसणाऱ्यांच्या उत्तरांहून सरस ठरली नाहीत. वलय हाताला जाणवते म्हणणाऱ्यांची परीक्षा तर अमेरिकेतील एमिली रोझा या मुलीने शाळेच्या प्रदर्शनासाठी घेतली. मध्ये पुठ्ठा धरून, माझा हात तुमच्या कोणत्या हाताजवळ आहे, एवढेच तिने एकवीस उपचारकांना विचारले. २८० वेळांपैकी १२३ वेळा, म्हणजे शेकडा ४४ उत्तरे बरोबर आली. नाणे उडविले असते तर शेकडा ५० आली असती. तिचा निबंध १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने छापला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

अशी परीक्षा घेण्याची परंपरा महाराष्ट्रातही आहे. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि विशेष मुलांच्या शाळांतील शंभर मुलांच्या पत्रिका मिसळून, प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस पत्रिका पाठविल्या, व कोणती पत्रिका कोणत्या गटातील एवढेच विचारले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. सरासरी शेकडा ४६ बरोबर आली. या चाचणीत कोणाची टवाळी नव्हती, कोणाच्या श्रद्धेला शिवी नव्हती. दावा काय आहे ते विचारले, आणि तो मोजला. वलयाच्या दाव्यालाही हाच न्याय लावावा, याहून अधिक आमचे मागणे नाही.

शेवटी तीन माणसांविषयी आम्हांस सांगावयाचे आहे. पहिले एक लहान मूल. ते एके दिवशी म्हणते, "आई, आमच्या बाईंचे नाव निळे आहे." त्याला खोटारडे म्हणून धपाटा घालू नये, देवऋष्याकडे नेऊ नये, आणि त्याला दिव्यदृष्टी आहे म्हणून पाटावरही बसवू नये. त्याला म्हणावे, "हो का? मग माझ्या नावाचा रंग कोणता?" आणि उत्तर कागदावर टिपून ठेवावे. सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे. त्या मुलाच्या मेंदूची जडणघडण थोडी निराळी आहे, एवढेच. त्यात रोग नाही आणि सिद्धीही नाही.

दुसरा माणूस वलय पाहणारा. तो प्रामाणिक असेल तर त्याने स्वतःच पडद्यांच्या कसोटीला उभे राहावे. तिच्यात उतरला तर शास्त्रज्ञ त्याच्या दारी रांग लावतील. न उतरला तर त्याचा रंग त्याच्यापाशी राहील. तो रंग कोणी हिरावून घेणार नाही. त्याने तो रंग चित्रात उतरवावा, गाण्यात आणावा. दुसऱ्याच्या दुखण्याचा कौल मात्र त्यावरून देऊ नये.

आणि तिसरी ती बाई, जिने आठ महिने गमावले. तिला दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही, कारण भीती कोणाला चुकली आहे? तिला डॉक्टरांच्या दारापर्यंत सोबत करणारे कोणी हवे होते. तिला मिळाला तो एक रंग. वलयाविषयी एवढे सगळे जाणून घेतल्यावर आपण निदान इतके तरी करू शकतो : घरातील कोणी भ्यालेले असेल, तर त्याच्याभोवती कोणता रंग आहे हे विचारीत न बसता, त्याचा हात धरून त्याला दवाखान्यात नेऊ शकतो.